वळणबाईंचा कित्ता

वळणबाईंच्या वर्गात पोरं आधी गिरवायची, मग लिहायची, आणि समजायचं असेल तर त्यानंतर सवडीने समजायचं. "आधी हात बसू दे," बाई म्हणायच्या. "अर्थ काय, लग्नानंतर माया येते तसा मागून येतो."

शेजारच्या वर्गाच्या बाईंनी एकदा विचारलं, "आणि नाही आली तर?"

वळणबाईंनी खडूच्या टोकावर फुंकर मारली. "म्हणून काय संसार थांबतो?"

त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, ते त्यावरून फूटभर उंचीची अक्षरं उतरवायचे, आणि अशी की शिकलेली माणसं चालता चालता थांबून बघायची. एकदा कुणा टवाळाने चिठ्ठी दिली, ‘मी गाढव आहे’. वडिलांनी ती पाटी दोन रंगांत, सावली देऊन रंगवली आणि आपल्याच दारात वाळत ठेवली. दिवसभर गल्ली हसत होती. संध्याकाळी सात वर्षांच्या लेकीने ती वाचून दाखवली. वडील दोन पावलं मागे सरून पाटीकडे बघत म्हणाले, "पण ‘ढ’ काय जमलाय बघ."

ही गोष्ट सांगताना बाई स्वतः पोट धरून हसायच्या. तिच्यातलं न हसण्यासारखं त्यांना फार उशिरा दिसलं.

तर बाई. सत्तावीस वर्षं दुसरीचा वर्ग. बेचाळीस वह्यांत स्वतःच्या हाताने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढून द्यायच्या. छापील वही घ्यायच्या नाहीत, म्हणायच्या, यंत्राच्या ठिपक्याला जीव नसतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर वाटाण्याएवढा घट्टा. शाळेतून शिकून गेलेला माणूस पंचवीस वर्षांनी बँकेत भेटला तरी त्याच्या सहीवरून बाई सांगायच्या, "तू माझा." सगळ्यांची अक्षरं सारखी, जणू एकाच माणसाने सगळा गाव लिहून काढलाय. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा.

त्या वर्षी वर्गात एक डावरी पोरगी होती. नाव हजेरीत काहीही असो, सगळे तिला डावरीच म्हणायचे. दुसऱ्या शाळेत अशा हातावर पट्टी बसली असती. बाईंनी कधी मारलं नाही. त्या तिचा डावा हात बाकाच्या दांडीला रुमालाने बांधायच्या. "रुमालाने हो, दोरीने नाही," हे त्या आवर्जून सांगायच्या. पोरगी उजव्या हाताने लिहायला शिकली. अक्षर ठीक आलं. फक्त लिहिताना तिची डावी मूठ दांडीपाशी उघडायची आणि मिटायची, मासोळीच्या तोंडासारखी.

डावरीची आई धुलाईखान्यात कामाला होती. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी तिथे गाठोड्यांनी यायच्या, धुऊन, इस्त्री होऊन जायच्या. इस्त्रीचा रोलर म्हणजे माणसाएवढ्या जाडीचे दोन तापलेले रूळ, मधून चादर जायची. अलीकडून दोन बायका चादर ताणून आत सरकवायच्या. डावरीची आई उंचीला कमी, लाकडी खोक्यावर उभी राहून काम करायची, म्हणून तिला सगळ्या बुटकी म्हणत. तिच्या जोडीला रोलरच्या दुसऱ्या टोकाला तिची थोरली जाऊ. घरी एका चुलीवर, इथे एका चादरीवर. थोरली म्हणायची, "देवाने हिला अर्धीच बनवली आणि उरलेली माझ्या गळ्यात बांधली." बुटकी म्हणायची, "जाऊबाई, अर्धीच आहे म्हणून अर्ध्या भाकरीत भागवते. तुमची पूर्ण कोण पुरवणार?"

या दोघींना लिहिता येत नव्हतं. पगाराला आंगठा. मग कंपनीचं ते नवीन फर्मान आलं. कामावर काहीही झालं, भाजलं, कापलं, चादर फाटली, तर कामगाराने स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, घटनेचा फॉर्म भरायचा. वरच्या कचेरीत इंग्रजीशिवाय काही चालत नाही म्हणे. मॅनेजर शाळेच्या कमिटीवर होता. त्याने वळणबाईंना बोलावलं. "आठवड्यातून दोन दिवस, पाळी सुटल्यावर तासभर. बायकांना एवढा फॉर्म भरता आला पाहिजे." आणि भरलेल्या फॉर्मचा एक नमुना हातात दिला.

घड्या घालायच्या लांब टेबलावर वर्ग भरायचा. गरम कापडाचा आणि सोड्याचा वास. नऊ बायका, पाण्याने पांढऱ्या पडलेल्या बोटांच्या. पहिल्या दिवशी एकीने पेन्सिल झाडूसारखी मुठीत धरली.

"अगं, अक्षर काढायचंय, अंगण नाही झाडायचं," बाई म्हणाल्या.

"बाई, झाडायला सांगा, इंग्रजीत झाडून दाखवते!"

सगळ्या खिदळल्या. बाईंना तो वर्ग आवडायला लागला. पोरांपेक्षा या बायका लवकर शिकत होत्या, कारण त्यांना घाई होती. बाईंनी नमुन्यातल्या तीन ओळी फळ्यावर उतरवल्या, मग नऊ वह्यांत ठिपक्यांनी काढून दिल्या. ‘आय डिड नॉट फॉलो द रूल. इट वॉज माय मिस्टेक. इट विल नॉट हॅपन अगेन.’ बाईंना त्या ओळी गिरवायला सोयीच्या वाटल्या. गोल अक्षरं आली होती, उभी आली होती, पोट असलेली आली होती.

चौथ्या दिवशी बुटकीने मान वर केली. "बाई, आपण रोज लिहितोय ते म्हणजे काय?"

"मी नियम पाळला नाही. चूक माझी. पुन्हा होणार नाही."

बुटकी विचारात पडली. "आणि चूक आपली नसली तर?"

"हात बसू दे आधी," बाई म्हणाल्या. "दुसरं पुढे शिकवते."

पुढे शिकवायचं राहून गेलं. तीन महिन्यांत बुटकीचं अक्षर असं झालं की मॅनेजरने तिची वही कचेरीत नेऊन दाखवली. तिला आपल्या भाषेतला ‘क’सुद्धा काढता येत नव्हता, पण त्या तीन ओळी ती डोळे मिटून लिहायची. एकदा घरी पिठात बोटाने लिहिल्या. थोरली म्हणाली, "वा गं पंडितीण! आता भाकरीसुद्धा कबुलीजबाब देईल."

त्याच दिवसांत दुसरीच्या वर्गात निबंध होता, ‘माझी आई’. बाईंचा निबंध म्हणजे फळ्यावर पाच ओळी, त्या वहीत उतरवायच्या. माझी आई पहाटे उठते. माझी आई स्वच्छ राहते. माझी आई खूप काम करते. माझी आई मला गोष्ट सांगते. माझी आई मला आवडते. बेचाळीस मुलांच्या बेचाळीस आया पहाटे उठल्या आणि स्वच्छ राहिल्या. एका पोराची आई वारलेली होती, तिलाही उठावं लागलं.

डावरीने पाच ओळी लिहिल्या आणि खाली, पेन्सिलीनेच, आपल्या मनाची सहावी. ‘आईच्या मशीनचं लाल बटण मेलंय. दाबलं तरी थांबत नाही.’

बाईंनी ती वाचली. वाचली नाही असं त्यांनी नंतरही कधी म्हटलं नाही. वाचली, आणि लाल पेनाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिच्यावर फुली मारली. शेजारी लिहिलं, ‘फळ्यावरचेच लिहावे’. खाली सही आणि तारीख. मग तिसरी ओळ पाच वेळा लिहायला लावली. माझी आई खूप काम करते.

त्यानंतर पाच आठवडे गेले.

दुपारच्या पाळीत चादरीला दुमड पडली. थोरलीने ती सारखी करायला हात पुढे नेला, रोज शंभरदा न्यायची तसाच. ओल्या कापडाने बोटं ओढली. तिने आधी हाक मारली, ओरडली नाही. "अगं—" एवढंच. बुटकी खोक्यावरून उडी मारून टोकाच्या लाल बटणाशी गेली. दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. कपाळाने दाबलं. रूळ आपला फिरतच होता, सावकाश, रोजच्या गतीने, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. बायका किंचाळायला लागल्या तेव्हा मुकादमाने पळत येऊन भिंतीवरचा खटका पाडला. खटका पडायच्या आत पलीकडून चादर बाहेर आली होती, इस्त्री होऊन.

थोरलीला गाडीत घालून नेलं. बुटकी मागे धावली. मुकादमाने तिला दारात अडवलं. "आधी फॉर्म. फॉर्मशिवाय गाडीचं बिल निघत नाही. लिही आणि जा."

ती कचेरीत उभी होती. समोर कागद आला, हातात पेन आलं. पुढे काय झालं ते तिने बाईंना नंतर सांगितलं. "बाई, माझं डोकं जाग्यावर नव्हतं. हात होता. हाताने लिहिलं." तीन ओळी, सुंदर वळणात, खाडाखोड नाही. डोळ्यातलं पाणी पडलं तेवढा एक डाग.

थोरलीचा हात कोपराच्या वर कापला. बुटकीला चौथ्या दिवशी घरी बसवलं. बटण वेळेवर दाबलं नाही, स्वतः लिहून दिलंय, फाइलला आहे. दिराने तिचं सामान पुढच्या खोलीतून मागच्या पडवीत टाकलं. तिचा नवरा ना भावाला बोलू शकला ना बायकोला. थोरली दवाखान्यातून आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कुणी येऊन विचारलं तर दीर सांगायचा, "हिच्या जावेने केलं. स्वतःच्या अक्षरात कबूल केलंय, तेही इंग्रजीत."

बुटकी बाईंच्या घरी आली तेव्हा आत आली नाही. चपला घालूनच पायरीवर उभी. "बाई, गुरुवारी सरकारी साहेब चौकशीला येणार आहे. तुम्ही एवढंच सांगा, मला तेवढंच लिहिता येतं. दुसरं काही लिहायला मला कुणी शिकवलं नाही."

शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बाईंना उत्तर देता आलं असतं.

ती गेल्यावर बाईंना सहावी ओळ आठवली. दुसऱ्या दिवशी शाळेचं कपाट उघडून त्यांनी वह्यांचा गठ्ठा उपसला. होती. पेन्सिलीतली ओळ, त्यांची सही, आणि अपघाताच्या आधीची तारीख.

बाईंचा नवरा लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर बसायचा. बोलणंही मापून. वही बघून म्हणाला, "मॅनेजर कमिटीवर आहे."

"ठाऊक आहे."

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुझ्या."

"तेही ठाऊक आहे."

"मग झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

"मूठ कुठली," बाई म्हणाल्या. "तिचा हात उरला नाही, हिची अब्रू उरली नाही, आणि मी मूठ झाकू?"

नवऱ्याने पान उलटलं, पुन्हा ती ओळ वाचली आणि हळूच विचारलं, "ही फुली तूच मारलीस?" बाई चहा टाकायला उठल्या.

गुरुवारी धुलाईखान्याच्या कचेरीत पाच माणसं होती. साहेब, मॅनेजर, मुकादम, बुटकी आणि बाई. साहेबाला सर्दी झाली होती, पण माणूस वाईट नव्हता. त्याने बुटकीला आधी पाणी दिलं. मुकादमाने सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बटण सगळ्यांसमोर तपासलं, चालू होतं.

"त्या संध्याकाळी मिस्त्री येऊन दुरुस्त करून गेला!" बुटकी म्हणाली.

"कुणी बघितला?"

बघितला सगळ्या बायकांनी होता. त्या पलीकडे घड्या घालत होत्या. काचेतून दिसत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

बाईंनी आधी कित्त्याचं सांगितलं. मॅनेजरने दिलेला नमुना, तीन ओळी, नऊ वह्या. मॅनेजर हसला. "बाई, भरायचा कसा ते दाखवायला नमुना दिला होता. जसाच्या तसा लिहा असं मी म्हटलं होतं?"

त्याने म्हटलं नव्हतं. ते बाईच म्हणाल्या होत्या, सत्तावीस वर्षं.

मग बाईंनी डावरीची वही पुढे ठेवली. साहेबाने चष्मा पुसला, ओळ वाचली, तारीख वाचली. क्षणभर त्याचा चेहरा बदलला. त्याने मुकादमाकडे बघितलं, आणि मुकादम खाली बघायला लागला. बुटकीने बाईंचा पदर धरला.

"ही लाल फुली कुणाची?" साहेबाने विचारलं.

"माझी."

"म्हणजे ही ओळ चुकीची म्हणून तुम्ही खोडलीत."

"चुकीची नव्हती साहेब. फळ्यावर नव्हती."

"समजलो नाही."

"फळ्यावर जे नाही ते मुलांनी लिहायचं नाही. म्हणून खोडली."

"पण ती खरी आहे असं तेव्हा तुम्हाला वाटलं होतं का?"

बाई खोटं बोलल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं. "तेव्हा मी त्याचा विचारच केला नाही," त्या म्हणाल्या. "मी अक्षर बघितलं."

साहेबाने वही मिटली, पण टाकली नाही, दोन्ही हातांनी परत दिली. "बाई, सात वर्षांच्या मुलीची ओळ, ती तिच्याच बाईंनी खोडलेली, खाली सही. ही मी वर पाठवली तर ते आधी फुली बघतील." नाक पुसत म्हणाला, "महिन्याभरात अपील करता येतं. जिचा हात गेला तिने सांगितलं की बटण बंद होतं, तर चित्र पालटेल. तिला विचारा."

बाई थोरलीकडे गेल्या. ती खाटेवर बसून डाव्या हाताने वेणी घालायचा प्रयत्न करत होती. सुटत होती, पुन्हा घालत होती. तिचा नवरा बाहेर गेलेला.

"तुम्हाला ठाऊक होतं का हो, बटणाचं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांना ठाऊक होतं. दोन महिने मेलेलं होतं. आम्ही त्याला ‘सासरे’ म्हणायचो. नुसतं बसलेलं, कामाचं काही नाही." ती हसली आणि हसू अर्ध्यावर सोडलं. "मी हिला खोक्यावरून उडी मारताना बघितलंय बाई. कपाळ आपटत होती बटणावर. मला सगळं दिसत होतं."

"मग एवढंच सांगा साहेबाला."

थोरलीने सुटलेली वेणी खांद्यामागे टाकली. "त्यांनी मला बसून करायचं काम दिलंय. दाराशी स्टुलावर. चादरी मोजायच्या, डाव्या हाताने रेघा मारायच्या. पुढच्या महिन्यापासून. मी तोंड उघडलं की स्टूल गेलं. हिचं काम गेलंच आहे, माझंही गेलं तर सहा तोंडांत काय घालू? माझा एक हात रुळात गेला बाई, दुसरा त्यांच्या दगडाखाली आहे."

"आणि ती?"

"तिला सांगा," थोरली म्हणाली, "तिला सांगा, जाऊबाईने बघितलं होतं. पण घरात नका सांगू."

मागच्या पडवीत बुटकी धुणं बडवत होती. मध्ये कुडाची भिंत, तिने सगळं ऐकलेलं. बाई जवळ बसल्या. म्हणाल्या, "अपिलाचा कागद तू तुझ्या भाषेत लिही. मी शिकवते. ठिपके नाही काढणार. तू बोलशील ते, तुझ्या शब्दांत. महिना पुरेल."

बुटकीने हात पुसले. उजव्या हाताचा आंगठा बाईंसमोर धरला, सोड्याने सुरकुतलेला. "हा बरा होता बाई. वीस वर्षं उठवला, याने कधी माझी चूक कबूल केली नाही." मग कपडा पुन्हा दगडावर घेतला. "राहू द्या. जाऊबाईंचं स्टूल राहू दे. अपील-बिपील काही नको. पोरीच्या वहीत आहे तेही काढून टाका. उद्या कुणी उकरून काढलं तर त्यांचंही जायचं."

अपिलाचा महिना तसाच गेला. निकाल आला, कामगाराचा हलगर्जीपणा. बायकांचा इंग्रजीचा वर्ग बंद झाला. शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षापासून दुसरीचा वर्ग त्यांच्याकडे नाही, सामानाच्या खोलीची चावी आहे. बाईंनी चावी घेतली.

वर्ष संपायच्या आठवड्यात सुट्टीत सगळी पोरं मैदानात गेली आणि डावरी बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची डावी मूठ आता सुटी होती. बाईंनी रुमाल बांधणं सोडून दिलं होतं, पण पोरगी सवयीने लिहायची उजव्यानेच.

"बाई, माझी आईवाली वही द्या."

बाईंनी दिली.

"आई म्हणाली, ती ओळ मिटव. नाहीतर काकूचं काम जाईल." तिने खिशातून रबराचा तुकडा काढला. झिजून नखाएवढा झालेला. "मिटवू?"

बाईंना नको म्हणायचं होतं. नको म्हणायला काही जागा उरली होती का, ते त्या शोधत राहिल्या. पोरीने वाट बघितली, मग पान टेबलावर सपाट केलं आणि घासायला लागली. मन लावून, जीभ बाहेर काढून, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरत. रबराचे काळे वळसे निघत होते, ती फुंकर मारून उडवत होती. बटण गेलं. मशीन गेलं. आई गेली.

"बाई," ती म्हणाली, "माझं सगळं गेलं. तुमची फुली जात नाहीये."

"पेनाची आहे ती," बाई म्हणाल्या. "नाही जायची."

पोरीने पुन्हा एकदा घासून बघितलं. मग वही मिटून बाईंच्या हातात दिली, बेचाळिसांच्या गठ्ठ्यात ठेवायला.